पाळण्यात हेझल : इंग्रजी नाव पुणेरी नातेवाइकांच्या गळी कसं उतरवावं

नात जन्मली कॅनडात, टोरांटोला लागून असलेल्या मिसिसॉगा गावात. नाव ठेवलं हेझल. ती पाच महिन्यांची होऊन कोथरूडला येईल तेव्हा बारसं, असं ठरलं. मधल्या पाच महिन्यांत फोनवर, जिन्यात आणि भाजीवाल्यापुढे मी या नावाबद्दल जी उत्तरं दिली, त्यातली निम्मी फसली. तुमच्याही घरी हेझल, आयव्ही, ऑलिव्ह अशी कुणी येणार असेल, तर माझी फजिती तुमच्या कामी येऊ दे.

आधी घरातल्या प्रत्येकाकडून उच्चार घोटून घ्या. 'झ' झऱ्यातला, जेवणातला 'ज' नव्हे. 'हॅझल' नाही आणि 'हेजल' तर नाहीच. खरी परीक्षा विभक्तीला. 'हेझलला दूध दिलं का?' यात दोन ल आहेत, घाईत एक गळतो आणि पोरीची 'हेझ' होते. पत्रिका छापणार असाल तर प्रूफ स्वतः वाचा. आमचं पहिलं प्रूफ 'हेडल' असं आलं होतं. आणि लाडाचं नाव लगेच काढू नका. एकदा 'चिऊ' चिकटलं की खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं उरतं.

मग येतो 'अर्थ काय?' पहिल्यांदा मी सांगून मोकळी झाले, 'फुलाचं नाव आहे.' एकतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या बाईनं असं बोलावं! हेझल हे झुडूप, युरोपातलं, कोरिलस अवेलाना, भूर्जाच्या कुळातलं. ऐन थंडी सरताना, पानं फुटायच्या आधीच, त्याला पिवळसर लोंबते तुरे येतात. ती नरफुलं. मादीफूल इतकं बारीक की कळीच्या टोकाला लाल धाग्यांचा झुबका तेवढा दिसतो. पराग वारा नेतो, पण स्वतःचे पराग त्या झुडपाला चालत नाहीत, शेजारी दुसऱ्या जातीचं झुडूप लागतं. (हे ऐकून माझ्या जाऊबाई म्हणाल्या, 'म्हणजे सगोत्र चालत नाही.' मी वाद घातला नाही.) एवढं सगळ्यांना सांगू नका. सुक्या मेव्याच्या दुकानातून मूठभर हेझलनट आणून डबीत ठेवा आणि विचारणाऱ्याच्या हातावर एक ठेवा. मराठी नाव शोधत बसू नका, दुकानदारही हेझलनटच म्हणतो. यातले निम्म्याहून जास्त तुर्कस्तानातून येतात, चॉकलेटात जातात. दाणा तोंडात गेला की 'हे कसलं बाई नाव' हे वाक्य बहुतेक तिथेच विरतं.

नाही विरलं, तर अशोककाकांकडे बोट दाखवा. अशोक हे झाडच ना? शाल्मली म्हणजे काटेसावर. जाई, जुई, बकुळ, केतकी आपल्या घराघरांत नांदल्या, कुणी त्यांना 'झाडाचं नाव का ठेवलंत' म्हणून विचारलं नाही. इंग्रजांकडे मुलींना झाडाफुलांची नावं ठेवायची लाट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आली, हेझल त्याच लाटेतली. नंतर ते आजीबाईंचं नाव झालं, आता पुन्हा नातींचं झालंय. आपल्याकडे रमा आणि इरा परत आल्या तसंच.

पुण्यात दोन खास अडचणी येतात. पहिली डोळ्यांची. तपकिरी-हिरवट डोळ्यांना इंग्रजीत हेझल म्हणतात, म्हणजे साधारण आपले घारे. हे ज्यांना ठाऊक आहे ते थेट पाळण्यात वाकून बघतात. आमच्या हेझलचे डोळे करवंदासारखे काळे. सरळ सांगा, नाव झाडावरून आहे, डोळ्यांवरून नाही.

दुसरी अडचण संस्कृतची. सदाशिव पेठेतल्या एका मामेसासऱ्यांनी शोधून काढलं की संस्कृतात 'हिज्जल' नावाचं झाड आहे. आहेच, पाणथळ जागी वाढतं, त्याच्या लाल फुलांच्या माळा सुंदर लोंबतात. पण त्याचं हेझलशी काही नातं नाही, हेझल जुन्या इंग्रजीतून आलंय. मोह होतो. 'मूळ संस्कृतच हो' म्हटलं की सगळी खोली मान डोलावते. पण पोर मोठी होऊन विचारणार आहे, तेव्हा खोटी व्युत्पत्ती तिच्या गळ्यात बांधू नका. नाव इंग्रजी आहे, तिच्या आईबापांना आवडलं, पुरे.

'या नावाचं कुणी आहे का?' याला उत्तर तयार हवं. माझं आवडतं उत्तर हेझल मॅकॅलियन. मिसिसॉगाची महापौर, 1978 ते 2014, सलग छत्तीस वर्षं. तरुणपणी पैसे घेऊन आइस हॉकी खेळलेली बाई. 1979 मध्ये गावात रसायनांनी भरलेली मालगाडी घसरली, क्लोरीन गळू लागला, तेव्हा दोन लाखांहून जास्त माणसं हलवली गेली आणि एकही दगावलं नाही. 2023 मध्ये एकशे एक वर्षांची होऊन गेली. तिथल्या नव्या रेल्वेमार्गाला तिचंच नाव दिलंय. तिला 'हरिकेन हेझल' म्हणत, आणि त्या नावाचं खरं वादळही 1954 च्या ऑक्टोबरात तिथे आलं होतं, ऑन्टॅरिओत 81 माणसं गेली. सासूबाईंनी पानशेतचा पूर पाहिलेला, त्यांनी एवढंच विचारलं, 'मग पुढं काय केलं त्यांनी?' मी सांगितलं, नदीकाठच्या पूरपट्ट्यात घरं बांधू दिली नाहीत, बागा ठेवल्या. त्या म्हणाल्या, 'आणि आपण नदीपात्रात रस्ता केला.'

संगीतवाल्या घरात हेझल स्कॉट सांगा, त्रिनिदादला जन्मलेली जॅझ पियानोवादक, 1950 मध्ये अमेरिकेत टीव्हीवर स्वतःच्या नावाचा कार्यक्रम करणारी. बाकी सगळीकडे मात्र एकच हेझल चालते : हेझल कीच, 'बॉडीगार्ड'मधली, युवराज सिंगची बायको. मला हे थोडं लागलं, पण खरं आहे.

रोप लावायच्या फंदात पडू नका. आमच्या ह्यांनी हौसेनं ऑनलाइन रोप मागवलं. हेझलला हिवाळ्यात शेकडो तास कडाक्याची थंडी लागते, पुण्याची डिसेंबरातली चार रात्रींची हुडहुडी तिला पुरत नाही. एप्रिलात कुंडीत काडी उरली. औषधाच्या दुकानात मिळणारं 'विच हेझल' ही तर वेगळीच वनस्पती, ते आणून बाळाला लावू नका.

बारशाला घुगऱ्या हरभऱ्याच्याच करा. अख्खे हेझलनट लहान मुलांच्या हाती लागतील असे ठेवू नका, घशात अडकतात, शिवाय काहींना त्यांची ॲलर्जी असते. आत्याची तालीम मात्र आदल्या दिवशी घ्या. 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' झालं, आमच्या आत्यानं वाकून कानात 'हेझल, कुर्र' केलं, अगदी झऱ्यातल्या झ सकट, पाठीत धपाटे पडले. सासूबाईंना ऐकू आलं नाही. 'काय ठेवलं गं?' त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत जाऊबाई ओरडल्या, 'हेझल! युवराजच्या बायकोचं!'