शाळा विकास आराखडा करताना या चुका टाळा

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010पासून लागू झाला. त्याच्या 21व्या कलमाने शाळा व्यवस्थापन समिती आली आणि 22व्या कलमाने त्या समितीवर शाळा विकास आराखडा करायची जबाबदारी टाकली. समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक, आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. म्हणजे शिक्षणाचं नियोजन दिल्ली-गांधीनगरात होतं तसं बडोद्यातल्या वाडी नि मकरपुरा या भागांतही होतं. माझ्या मते ते खरं इथेच होतं, कारण मुलाचं नाव इथल्या माणसांना माहीत असतं. आपल्या मराठी घरांतले जे पालक अशा समित्यांवर बसतात त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. आराखडा फसतो त्याचं पहिलं कारण पैशाची कमतरता हे नव्हे. आपण मुलं मोजतो, पण गेल्या वर्षीची मुलं यंदा कुठे आहेत हे बघत नाही, तिथे तो फसतो.

शंभराच्या वरचा आकडा पाहून निर्धास्त होणं

समजा, वस्तीत प्राथमिक वयाची 100 मुलं आहेत आणि प्राथमिक वर्गांच्या पटावर 112. स्थूल नोंदणी प्रमाण 112 टक्के झालं, सगळे खूश. पण त्या 112मध्ये 22 मुलं वयाने मोठी किंवा लहान असतील, तर योग्य वयाची फक्त 90च आली. निव्वळ प्रमाण 90, आणि दहा मुलं प्राथमिक वर्गांबाहेर. अनेक विकसनशील देशांत ही फसगत होते, कारण उशिरा दाखल होणारी आणि त्याच वर्गात राहणारी मुलं तिथे जास्त असतात. उपाय सोपा आहे: जनरल रजिस्टरमधल्या जन्मतारखा घ्या आणि प्रत्येक इयत्तेत कोणत्या वयाची किती मुलं आहेत याचा तक्ता करा. आराखड्याचं पहिलं पान हाच तक्ता असावा.

एकाच वर्षातल्या दोन इयत्तांची तुलना

ही चूक सर्वांत जास्त होते आणि तिचं नुकसानही सर्वांत मोठं. "चौथीत 45 आहेत, तिसरीत 28च, म्हणजे पट घसरतोय" असा निष्कर्ष काढला जातो आणि तुकडी बंद करण्यापर्यंत गोष्ट जाते. पण ही दोन वेगळ्या वर्षी शाळेत आलेली मुलं आहेत. गुजरातचंच घ्या. 2023-24पासून पहिलीच्या प्रवेशासाठी 1 जूनला सहा वर्षं पूर्ण असणं सक्तीचं झालं. पूर्वी पाच पूर्ण होताच पहिलीत बसणारी मुलं त्या वर्षी पहिलीआधीच्या बालवाटिकेत थांबली, त्यामुळे त्या सालची पहिली लहान राहिली. त्या वर्षी एकत्र पहिलीत आलेली तीच तुकडी 2025-26ला तिसरीत, 2027-28ला पाचवीत, 2030-31ला आठवीत असेल. जिथे जाईल तिथे ती लहानच दिसेल. ती गळती नव्हे. तिच्याकडे पाहून शिक्षकाचं पद कमी केलंत, तर मागून येणाऱ्या भरलेल्या तुकडीला शिक्षक मिळणार नाही.

म्हणून तुकडीची तुलना तिच्याच मागच्या वर्षाशी करा. गेल्या वर्षी पाचवीत 40 होते, यंदा सहावीत 36 आहेत असं धरू. चार गळाले? नाही. नावं लावून बघा. 36पैकी 7 दुसऱ्या शाळांतून आलेले निघाले, तर आपले फक्त 29 पुढे गेले. उरलेल्या 11पैकी 5 दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत बसले, 3 पाचवीतच राहिले (कायद्यातल्या 2019च्या दुरुस्तीनंतर पाचवी-आठवीत नापास करण्याची मुभा राज्यांना आहे), आणि तिघांचं कुणालाच ठाऊक नाही. ती तीन नावं आराखड्यात आली पाहिजेत. "गळती रोखणे" असं मोघम वाक्य लिहून कुणाच्या घरी जायचं ते कळत नाही.

एका तारखेवर विसंबणं

सरकारी माहिती संकलनात वर्षानुवर्षं 30 सप्टेंबरचाच पट धरला गेला आहे. दाहोद-छोटाउदेपूरकडून बांधकामावर येणारी कुटुंबं दिवाळीनंतर जागा बदलतात, आणि सप्टेंबरचा पट हे दाखवू शकत नाही. जानेवारीची हजेरी सप्टेंबरच्या पटाशेजारी ठेवा.

मागच्या वर्षांच्या आकड्यांना एकाच सूत्रात ओवणं

2013मध्ये छोटाउदेपूर वेगळा जिल्हा झाला. त्याआधीचा आणि नंतरचा बडोदा जिल्हा यांची पटसंख्या शेजारी ठेवली, तर हजारो मुलं नाहीशी झाल्यासारखी वाटतील. तसंच यूडायस प्लस या देशभरच्या शाळांच्या सरकारी माहिती प्रणालीत 2022-23पासून विद्यार्थीनिहाय नोंद होते, पूर्वी शाळानिहाय बेरीज असायची, त्यामुळे ती वर्षं जुन्या वर्षांशी थेट ताडू नयेत. आणि मुलांची एकूण संख्या अजून 2011च्या जनगणनेवरूनच पुढे मोजली जाते. गोत्री, समा अशा वाढत्या भागांत तिच्यावर भरवसा ठेवण्यापेक्षा अंगणवाडीची यादी घ्या. दोन-तीन वर्षांनी पहिलीत येणारी मुलं तिथे आजच बसलेली आहेत.

सरासरीने समाधान

कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक. 58 मुलांच्या शाळेत दोन शिक्षक असले की प्रमाण 29ला एक, नियमात बसतं. प्रत्यक्षात पाच इयत्ता दोघांत वाटलेल्या असतात, आणि एकजण प्रशिक्षणाला गेला की पाचही इयत्ता एकाच्या गळ्यात. आराखड्यात प्रमाण लिहू नका. कोण, कोणत्या इयत्ता, आठवड्याला किती तास शिकवतो ते लिहा.

शिक्षकांआधी मुलं बोलावणं

बडोद्याच्या माणसाने हे तरी विसरू नये. सयाजीराव महाराजांनी 1893मध्ये मोफत आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणलं ते आधी अमरेली तालुक्यातल्या दहा गावांत, मग तालुकाभर, आणि 1906मध्ये साऱ्या संस्थानात. असं टप्प्याटप्प्याने गेल्यामुळे मधली तेरा वर्षं वाया गेली नाहीत. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानासाठी सक्तीच्या शिक्षणाची मागणी केली, तेव्हा बडोद्याचं उदाहरण त्यांच्या हाताशी होतं.

याउलट, आफ्रिकेतल्या मलावी देशाने 1994मध्ये प्राथमिक शाळांची फी एकदम माफ केली. पट सुमारे 19 लाखांवरून 30 लाखांच्या घरात गेला. फी माफ करणं योग्यच होतं, गरिबाच्या मुलाला दार उघडलंच पाहिजे. पण प्रशिक्षित शिक्षक एका वर्षात तयार होत नाहीत. हजारो नव्या माणसांना जुजबी प्रशिक्षण देऊन उभं करावं लागलं, आणि खालच्या इयत्तांचे वर्ग तुडुंब भरले. आपल्या शाळेत नवी इयत्ता किंवा नवी तुकडी मागताना हाच क्रम तपासा: शिक्षक कधी येणार, खोली कधी मिळणार, मुलं कधी.

एकदाच लागणारा पैसा दिसतो, दरवर्षीचा दिसत नाही

संगणक कक्ष, पाण्याचा फिल्टर, प्रयोगशाळा यांना देणगीदार लवकर मिळतो. विजेचं बिल, फिल्टरची कँडल, रसायनं, दुरुस्ती दरवर्षी लागतात आणि त्यांच्यासाठी कुणी फलक लावत नाही. गरीब देशांच्या शिक्षणखर्चात शिक्षकांच्या पगाराचा वाटा सर्वांत मोठा असतो, बाकीच्यासाठी फार थोडं उरतं. म्हणून हा उरलेला पैसा नेमका कशावर जातो ते मांडा.

केंद्राच्या नियमांप्रमाणे आराखडा तीन वर्षांचा, त्यात तीन वार्षिक उपआराखडे, आणि पहिला आराखडा आर्थिक वर्ष संपण्याच्या किमान तीन महिने आधी तयार हवा. म्हणजे डिसेंबर अखेर. बैठक कारखान्याच्या पाळ्या आणि घरकाम करणाऱ्या आयांच्या वेळा विचारून ठेवा, नाहीतर सह्या जमतील आणि पालक येणार नाहीत. प्रत्येक मागणीपुढे तीन रकाने आखा: कोण करणार, कधीपर्यंत, दरवर्षीचा खर्च कोण देणार. तिसरा रकाना रिकामा राहिला तर ती मागणी यंदा पुढे ढकला आणि तिची जागा ठावठिकाणा नसलेल्या त्या तीन मुलांच्या घरभेटींना द्या.