नागपुरात राहून धर्माचा अभ्यास करायचा असेल तर: माझा अनुभव

एमएचा रिझल्ट लागला तेव्हा घरी सांगितलं की मला धर्माच्या अभ्यासात पीएचडी करायचीय, तर आत्या म्हणाली, "म्हणजे कीर्तन करशील काय?" बाबा म्हणाले, नोकरी कुठे लागते ते सांग आधी. तेव्हा आत्याचं मनाला लागलं होतं, पण आता वाटतं तिचा प्रश्न रास्त होता, कारण धर्म पाळणं वेगळं आणि त्याचा अभ्यास करणं वेगळं हे आपल्याकडे शाळा-कॉलेजात कुणी सांगतच नाही. लोक काय मानतात, का मानतात, ते कुठे लिहून ठेवलंय, कोण छापतं, कोण वाचतं, शंभर वर्षांत त्यात काय बदललं, हे सगळं शोधायचं असतं. तुम्ही त्या धर्माचे असाल तरी चालतं, नसाल तरी चालतं, फक्त दोन्ही बाजूंनी जरा जपून राहावं लागतं.

माझं पहिलं वर्ष गेलं ते 'रिलिजन' असं नाव असलेलं डिपार्टमेंट शोधण्यात. भारतात अशी डिपार्टमेंटं मोजकीच. पतियाळाच्या पंजाबी युनिव्हर्सिटीत आहे, विश्वभारतीत फिलॉसॉफीला जोडून कम्पॅरेटिव्ह रिलिजन आहे, जामिया मिलियात एक सेंटर आहे आणि नालंदा युनिव्हर्सिटीत बुद्धिस्ट स्टडीज, फिलॉसॉफी, कम्पॅरेटिव्ह रिलिजन्स मिळून एक स्कूल आहे. बाकी आपल्या विषयाच्या जागा दुसऱ्याच नावांखाली असतात, ही गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर वर्ष वाचलं असतं. आपल्या नागपूर युनिव्हर्सिटीत पाली-प्राकृत आहे, आंबेडकर विचारधारा आहे, इतिहास, मराठी, तत्त्वज्ञान आहे, रामटेकला कालिदास संस्कृत युनिव्हर्सिटी आहे. आणि उदाहरण घरातलंच घ्या ना, महानुभावांच्या लीळाचरित्राचं संपादन करणारे वि. भि. कोलते मराठीचे माणूस, आपल्याच युनिव्हर्सिटीचे कुलगुरू होते. महानुभाव पंथावर काम करायचं म्हटलं की आजही त्यांच्यापासून सुरुवात करावी लागते. बाहेरची माणसंही तशीच आली, अ‍ॅन फेल्डहाउस अमेरिकेतून महानुभावांवर काम करायला आल्या, एलिनॉर झेलियट आंबेडकरी चळवळीवर काम करायला आल्या त्या इतिहासातून. म्हणून जाहिरातीत 'धर्म' हा शब्द नसला तरी सिलॅबस आणि तिथले गाईड काय शिकवतात ते पाहा.

आता नेटचं, म्हणजे प्राध्यापकपदासाठी आणि फेलोशिपसाठी द्यावी लागणाऱ्या पात्रता परीक्षेचं सांगते. वर्षातून दोनदा, साधारण जून आणि डिसेंबर. 'कम्पॅरेटिव्ह स्टडी ऑफ रिलिजन्स' हा वेगळा विषय आहे, 'बुद्धिस्ट, जैन, गांधियन अँड पीस स्टडीज' वेगळा, पाली, प्राकृत, संस्कृत, तत्त्वज्ञान, 'अरब कल्चर अँड इस्लामिक स्टडीज' हेही वेगवेगळे. तुमच्या एमएशी जुळणारा विषय घ्या, पुढे प्राध्यापकाच्या जागेला तोच पाहतात. दोन पेपर, मिळून दीडशे प्रश्न, तीन तास, निगेटिव्ह मार्किंग नाही त्यामुळे एकही प्रश्न सोडू नका. यातूनच मिळणारी जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, लागली तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० मिळतात, दोन वर्षांनी तिचीच वरची पायरी एसआरएफ झाली की ४२,०००. जेआरएफ नाही लागली तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप आहेत, ज्याच्या त्याच्या प्रवर्गाप्रमाणे, महाज्योतीचं तर मुख्य ऑफिसच नागपुरात आहे. जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, नॉन-क्रिमिलेयर यातलं तुम्हाला जे लागू असेल ते जाहिरात यायच्या आधी काढून ठेवा, माझ्या मैत्रिणीचा एक फॉर्म फक्त एका कागदापायी राहिला आणि पुढची जाहिरात यायला वर्ष लागलं.

सीएचबीवर, म्हणजे तासाच्या हिशोबाने, शिकवायला मिळतं, पण त्याच्या भरवशावर पीएचडी उचलू नका. मी एका कॉलेजात वर्षभर तास घेतले, पैसे हातात आले ते पुढचं सत्र सुरू झाल्यावर.

आता मुख्य गोष्ट, विषय निवडणं. माझी पहिली सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, होती 'विदर्भातील बौद्ध धर्म'. कमिटीतल्या एका मॅडमनी कागद बाजूला ठेवून विचारलं, "यात तू नेमकं काय वाचणार, आणि कोणत्या भाषेत?" मला उत्तरच देता आलं नाही. घरी येऊन रडली. त्या वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर गेली, लहानपणापासून जातच होती, पण त्या दिवशी वही घेऊन एका पुस्तकांच्या स्टॉलपाशी बसून राहिली. वाशीमकडच्या एक मावशी आल्या, बुद्ध वंदनेच्या चार-पाच पुस्तिका उघडून पाहिल्या आणि स्टॉलवाल्याला म्हणाल्या, "मोठ्या अक्षराची हाय का बाप्पा? सासूले पाहून म्हनाले लागते." त्याने मागच्या खोक्यातून एक काढून दिली. मावशींनी ती हातभर लांब धरून दोन ओळी म्हणून पाहिल्या आणि मगच पैसे दिले.

माझा विषय तिथेच मिळाला. १९५६ नंतर वंदनेच्या पुस्तिका कोणी छापल्या, पाली गाथा देवनागरीत कशा लिहिल्या, अर्थ कुणी दिला, त्या घरात कोण म्हणतं. मग पाली शिकणं भागच पडलं, एमएनंतर सर्टिफिकेट कोर्सला बसली. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाचं तिपिटक, म्हणजे पाली बौद्ध ग्रंथ, देवनागरीत इंटरनेटवर फुकट आहे, रोज अर्धं पान वाचत गेली. तुमचा विषय ताजबागचा उरूस असेल तर उर्दू-फारसी लागेल, महानुभाव असतील तर जुनी मराठी आणि त्यांची सांकेतिक सकळ लिपी, गोंडांची कचारगडची यात्रा असेल तर गोंडी. भाषा न शिकता या विषयात पडू नका असं मी अगदी स्पष्ट सांगते, दुसऱ्याच्या भाषांतरावर किती दिवस चालणार.

बाहेर जायचं तर 'डिव्हिनिटी स्कूल' नाव पाहून घाबरू नका. हार्वर्डच्या डिव्हिनिटी स्कूलमध्ये दोन वर्षांचं एमटीएस, म्हणजे मास्टर्स, असतं, ते पाद्री नसलेल्यांसाठीही आहे. भारतात पीएचडीला रजिस्टर असाल तर फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल फेलोशिपवर सहा ते नऊ महिने अमेरिकेत काम करता येतं, विषयांची यादी मात्र आधी नीट पाहा आणि त्यात तुमचं काम कुठे बसतं ते ठरवा. शिफारसपत्रासाठी गाईडला निदान दीड महिना आधी सांगा, सोबत तुमचं एक पानाचं प्रपोजल द्या, नुसतं "सर, रेको पाहिजे" म्हटलं तर पत्रही तसंच मिळतं.

आणि नागपुरात असाल तर दसऱ्याच्या दोन दिवस आधी दीक्षाभूमीवर जा. स्टॉल लागत असतात, खोकी उघडत असतात, माणसं बोलायच्या मूडमध्ये असतात. मुख्य दिवशी तिथे उभं राहायला जागा नसते आणि विकणाऱ्याला मान वर करायला सवड नसते.