आईला कोरियन नाष्ट्याला न्यायचं असेल तर

आमची आई परभणीकडची, गळ्यात माळ, सकाळी सुशीला (मुरमुऱ्यांचा नाष्टा) नाहीतर रात्रीची भाकरी आन ठेचा. तिला संभाजीनगरात कोरियन नाष्ट्याला नेलं आणि ती पोटभर जेवली, म्हणून लिहितोय, कुणाच्या तरी कामाला येईल.

आदल्या दिवशी फोन कराच. शेंद्र्यात ह्योसंगसारखी कोरियन कंपनी आहे, कोरियन माणसं इकडं येतात-जातात, पण त्यांच्या जेवणाची जागा सकाळी उघडी असेलच असं नाही. आणि फोनवर नुसतं 'व्हेज' म्हणून भागत नाही बरं का. किमचीत, म्हणजे त्यांच्या आंबवलेल्या कोबीच्या तिखट लोणच्यात, बऱ्याचदा मासळीचा रस किंवा खारवलेली कोळंबी असते, सूपचं पाणी सुक्या मासळीवर उकळलेलं असतं, आणि वरून बघून काही कळत नाही. म्हणून एकेक पदार्थाचं नाव घेऊन विचारा, माळकरी माणसाचा विश्वास आहे आपल्यावर.

घरूनच सांगून ठेवा की त्यांच्या जुन्या पद्धतीत नाष्ट्याचं वेगळं काही नसतं, सकाळी पण भात, सूप, किमची आणि छोट्या वाट्यांमधे भाज्या, त्याला बानचान म्हणतात. नाहीतर 'सकाळी सकाळी भात?' हे येणारच. भात चिकट असतो, बिघडलेला नसतो, हे पण सांगा.

आता काय मागवायचं. मी म्हणेन सोयाबीनपासून सुरू करा. आपल्या मायबापाची अर्धी जिंदगी सोयाबीनच्या राशीत गेली, पोती मोंढ्यात टाकली आन भाव ऐकून घरी आली, पण ते ताटात असं कधी बघितलं नाही. कोंगनामुल म्हणजे सोयाबीनला मोड आणून केलेली भाजी किंवा सूप. दोएनजांग म्हणजे सोयाबीन शिजवून, कुटून, त्याच्या विटा करून वाळवतात, आंबवतात, मग मिठाच्या पाण्यात कित्येक महिने मुरवतात, वरचं पाणी म्हणजे सोया सॉस आणि खाली राहतो तो लगदा. सोयाबीन आंबवून केलेल्या अशा सगळ्या प्रकारांना जांग म्हणतात, ते करायची पद्धत 2024 ला युनेस्कोच्या वारशाच्या यादीत आली. वास उग्र येतो, पहिला चमचा भातासोबतच द्या. तिखट नको असेल, दात दुखत असतील तर होबाकजुक मागवा, भोपळ्याची गोडसर पेज, आईला तीच जास्त आवडली.

चॉपस्टिकचा आग्रह अजिबात नको, भात आणि सूप तेसुद्धा चमच्यानंच खातात. फक्त काड्या भातात उभ्या खोचू नका, ते मेलेल्या माणसाच्या विधीतलं आहे. आणि तिथं सगळ्यात मोठ्या माणसानं चमचा उचलल्याशिवाय बाकीचे जेवत नाहीत. हे मी सांगितलं नव्हतं, आई माझी वाट बघत बसली, मी तिची. मग सांगितलं तर म्हणली, 'आस्सं व्हय, चांगलंय की' आणि चमचा घेतला.

गुडघे दुखत असतील तर खुर्चीचं टेबल आधीच सांगून ठेवा. निघताना आईनं तिथल्या बाईला विचारलं, मीठ किती टाकता, बरणी उन्हात ठेवता का, दोघींचं दहा मिनिटं हातवारे करून चाललं होतं, तेवढा वेळ हातात ठेवूनच जा.