गावातल्या गाणाऱ्याची गाणी कशी लिहून ठेवावीत

मोठ्या बाबांची, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची, पहिली वही उदईनं खाल्ली. मातीच्या भिंतीतल्या कोनाड्यात होती. हात लावला तर नुसती माती आली. चाळीस वर्षं स्वतः बांधलेली भजनं, कापसाची गाणी, सगळं त्यात होतं. दुसरी वही मी लिहिली. त्याला दोन वर्षं लागली, आणि त्यात जे शिकले ते इथं सांगते.

आमच्या तिवसा तालुक्यात (जिल्हा अमरावती) खंजेरीवर भजनं म्हणणाऱ्या तुकडोजी महाराजांच्या आश्रमाची मोझरी जवळ, म्हणून खंजेरी गावोगावी आहे. पण गाणं स्वतः बांधणारा एखादाच असतो. तुमच्या गावात तो असेल तर आधी वही घेऊन बसू नका, गायला सांगा. ‘माहिती सांगा’ म्हटलं की ही माणसं दोन वाक्यांत गप्प होतात. गाण्यातून मात्र लग्न, कर्ज, मंडळातली भांडणं, सगळं बाहेर येतं.

मोबाइल खंजेरीजवळ ठेवू नका. झांजांच्या आवाजात शब्द बुडतात. मी गोधडीची घडी करून तिच्यावर, त्यांच्या तोंडापासून हातभर अंतरावर ठेवते. पहिल्यांदा नुसत्या गळ्यानं म्हणायला सांगायचं, दुसऱ्यांदा साथीसह. सुरुवातीला तारीख, गाव आणि साथीला कोण बसलंय ते मोठ्यानं बोलायचं. साथीदारांची नावं नंतर कोणालाच आठवत नाहीत.

आता लिहिणं. इथं माझी मोठी चूक झाली. मी शाळेतल्या सवयीनं शुद्ध करत गेले. एका गाण्यात ओळी होत्या :

वावरभर तूर, तरी घरी नाई दाय
चुलीपाशी बसून काय शिजवते माय

मी ‘डाळ’ लिहिलं. मोठ्या बाबांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, “हे कोनाचं गानं होय वं?” डाळ आणि माय यांचं यमकच जुळत नाही. पुढच्या कडव्यात ‘जवय’चं मी ‘जवळ’ केलं होतं, तिथंही तेच. सगळी वही फाडून पुन्हा लिहिली. तोंडातून जसं येईल तसंच उतरवा. अर्थ हवा असेल तर बाजूला द्या.

चालीचं स्वतंत्र लिहा. मोठ्या बाबांच्या चिठ्ठ्यांवर फक्त ‘चाल : मागचीच’ असं असायचं. मागची कोणती? त्यासाठीच रेकॉर्डिंग. “लिहिलं तं हाय, पन म्हनाचं कसं हे कागदावर कुठी येते?” असं तेच म्हणायचे.

गाणं कधी बांधलं हे विचाराल तर साल सांगता येत नाही. घटना विचारा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज गेले तेव्हा खंजेरी हातात आली होती का? म्हणजे ११ ऑक्टोबर १९६८. कापसाची एकाधिकार खरेदी, म्हणजे सगळा कापूस सरकारनंच घ्यायची योजना, सुरू झाली होती का? ती १९७२. वर्धा नदीकाठच्या मोवाडचा पूर आधी की नंतर? तो ३० जुलै १९९१. आमच्या अर्ध्याअधिक गाण्यांचा काळ याच तीन खुणांवरून लागला.

शेवटच्या कडव्यातली नाममुद्रा नीट ऐका. ‘तुकड्या म्हणे’ म्हटलं की भजन कोणाचं ते कळतं, तसंच गावच्या कवीचंही. दुसरं मंडळ तेच गाणं म्हणताना कधी नाव बदलतं. मोठ्या बाबांचं एक गाणं शेजारच्या गावात दुसऱ्याच नावानं मी ऐकलं, तेव्हा पोटात कालवलं. वहीवर आणि रेकॉर्डिंगमध्ये रचणाऱ्याचं नाव, तारीख असली तर सांगता तरी येतं. कायद्यानं रचनेचा हक्क कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं वारसांकडे राहतो.

कागद टाकू नका. स्पर्धेची प्रमाणपत्रं, सप्त्याच्या पत्रिका, वर्तमानपत्राची कात्रणं, आकाशवाणी नागपूरचं पत्र असेल तर तेही. राज्य सरकारची ज्येष्ठ कलावंतांसाठी मानधन योजना आहे, तिथं हेच पुरावे मागतात. मोठ्या बाबांचा पहिला अर्ज कागद नाहीत म्हणून परत आला. ज्यानं हजार रात्री गायल्या त्याच्याकडे एक पत्रिका नव्हती. मग मी चार गावच्या भजनी मंडळांकडे फिरून जुन्या पत्रिका जमवल्या. एक तर देवघरातल्या फोटोच्या मागे पुठ्ठा म्हणून लावलेली सापडली.

वही झाली की तिच्या तीन प्रती काढा : एक घरी, एक मंडळाकडे, एक गावच्या वाचनालयात. रेकॉर्डिंग एकाच मोबाइलवर ठेवू नका.

आणि लिहिताना डावं पानच भरा, उजवं रिकामं सोडा. मी वही ओसरीत मोठ्यानं वाचत होते, तेव्हा आतून मोठी आई म्हणाली, “त्याच्या मधात अजून एक कडवं हाय.” भाकरी थापता थापता तिनं ते म्हटलं. मोठे बाबा स्वतः विसरले होते. तेव्हापासून आमच्या वहीतली अकरा उजवी पानं भरली. त्यातली चार मोठ्या आईची आहेत.