वॉशिंग्टन डीसीत ३ वर्षांच्या मुलासाठी शाळा: सोडतीचा अर्ज भरण्याआधी

डीसीत नव्याने आलेल्या घरात मूल ३ वर्षांचं होत आलं असेल, तर डिसेंबर ते मे हे महिने जपा. या शहरात ३ आणि ४ वर्षांच्या मुलांसाठी पूर्ण दिवसाची शाळा फुकट आहे. त्या वर्गांना पीके३ आणि पीके४ म्हणतात. उत्पन्नाची अट नाही, व्हिसा कोणता हेही विचारत नाहीत. खासगी डेकेअरला महिन्याला २,००० डॉलरच्या आसपास, बऱ्याचदा त्याहून जास्त जातात, म्हणून ही संधी हातची घालवू नका.

प्रवेश सोडतीने होतो. आपल्याकडच्या आरटीईच्या सोडतीसारखाच ऑनलाइन अर्ज असतो. ‘माय स्कूल डीसी’ या एकाच अर्जात जास्तीत जास्त १२ शाळा पसंतीक्रमाने लिहायच्या. अर्ज डिसेंबरच्या मध्याला सुरू होतात, मुदत मार्चच्या सुरुवातीला संपते आणि निकाल मार्चअखेर लागतो. मुदतीच्या आत पहिल्या दिवशी भरला काय नि शेवटच्या दिवशी भरला काय, फरक पडत नाही. पीके३साठी मूल त्या वर्षीच्या ३० सप्टेंबरपर्यंत ३ वर्षांचं व्हायला हवं. ऑक्टोबरात जन्मलेल्याला पुढच्या वर्षीच.

शाळा दोन प्रकारच्या. डीसीपीएसच्या, म्हणजे शहराच्या सरकारी शाळांना ठरलेल्या वस्तीची हद्द असते. तुमचं घर हद्दीत असेल तर प्राधान्य मिळतं, पण बहुतेक ठिकाणी पीके३ला जागेची हमी नसते. ती किंडरगार्टनपासून, म्हणजे पीके४च्या पुढच्या वर्गापासून मिळते. चार्टर शाळा स्वतंत्र संस्था चालवतात; त्याही सरकारी पैशाच्या आणि फुकट, पण त्यांना हद्द नसते. त्यामुळे चार्टरसाठी महागड्या वस्तीत भाड्याने राहायची गरज नाही. तिथे आधीपासून शिकणाऱ्या मुलांच्या भावंडांना मात्र प्राधान्य असतं, म्हणजे थोरल्याचा नंबर लागला की धाकट्याची वाट बरीच सोपी होते.

आता क्रमाबद्दल, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. ‘पहिली शाळा फार मागणीची, तिला वर टाकलं तर पसंती वाया जाईल’ असं समजून लोक बेताची शाळा वर लिहितात. तसं करू नका. तुम्ही कोणती शाळा कितव्या क्रमांकावर लिहिलीत हे पाहून कुणाला आधी जागा मिळत नाही; ते प्राधान्य आणि सोडतीचा आकडा यांवरच ठरतं. पहिल्या शाळेत जागा नाही मिळाली तर दुसऱ्या शाळेसाठी तुमचा विचार अगदी तसाच होतो, जणू तीच पहिली लिहिली होती. म्हणून जी मनापासून हवी तीच पहिली.

दुसरी चूक याच्या उलट. बारा रकाने आहेत म्हणून बारा भरायचे. समजा सहा शाळा लिहिल्या आणि चौथीत नंबर लागला. वरच्या तीन शाळांच्या प्रतीक्षा यादीत नाव राहतं, पण पाचव्या आणि सहाव्या शाळेतून ते निघून जातं. चौथी शाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला असेल आणि तुम्ही तिथे मुलाला नेणारच नसाल, तर पाचवीवरचा हक्कही गेला. म्हणून प्रत्येक शाळेचा रस्ता सकाळी आठ वाजता एकदा स्वतः करून पाहा. सर्वसाधारण मुलांसाठी पिवळी स्कूलबस डीसीत नाही. मेट्रोत आणि बसमध्ये ५ वर्षांखालचं मूल मोठ्या माणसाबरोबर फुकट जातं, एवढीच सोय. शाळा दुपारी तीन-सव्वातीनला सुटते. त्यानंतरच्या आफ्टरकेअरला पैसे पडतात आणि तिथे जागाही मोजक्या असतात, हे ओपन हाउसमध्ये, म्हणजे पालकांना शाळा दाखवतात त्या दिवशी, विचारून घ्या.

शाळा निवडताना पुढचं वर्ष बघा. ॲपलट्रीसारख्या शाळा फक्त पीके३ आणि पीके४ चालवतात. किंडरगार्टनला पुन्हा सोडत किंवा हद्दीतली शाळा. उलट मुंडो व्हर्दे आणि डीसी बायलिंग्वल (स्पॅनिश), यू यिंग (चिनी), स्टोक्स (फ्रेंच किंवा स्पॅनिश) या शाळांतून सहावीला डीसी इंटरनॅशनल या सहावी ते बारावीच्या चार्टर शाळेकडे जायची वाट असते. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला तिसरी भाषा झेपेल का, ही काळजी बरेच आईवडील करतात. या वयात झेपते. घरात मराठी बोलणं तेवढं सोडू नका. प्रवेशाच्या वेळी घरची भाषा विचारणारा फॉर्म येईल, त्यात मराठीच लिहा. त्याने जागा जात नाही, इंग्रजीसाठी लागणारी मदत मात्र मिळू शकते.

नंबर लागला की मेच्या सुरुवातीच्या मुदतीआधी नाव नोंदवा, नाहीतर जागा जाते. नाव नोंदवल्याने वरच्या शाळांची प्रतीक्षा यादी सुटत नाही. उन्हाळ्यात, शाळा सुरू झाल्यावरही, यादी पुढे सरकते. म्हणून ईमेल आणि फोन बघत राहा, भारतात सुट्टीवर गेलात तरीही. त्या वर्षाची यादी पुढच्या वर्षी चालत नाही.

नोंदणीला डीसीत राहत असल्याचा पुरावा लागतो. ताजी पे स्लिप एकटी पुरते, पण तीत डीसीचा कर कापलेला दिसला पाहिजे. ऑफिस व्हर्जिनियात आणि कर तिथलाच कापला जात असेल तर ती चालत नाही. पेरोलला आधीच सांगून दुरुस्त करून घ्या. नाहीतर दोन कागद द्या: भाडेकरार (भाडं भरल्याच्या पावतीसह), डीसीचं लायसन्स, किंवा विजेचं बिल (ते भरल्याच्या पुराव्यासह), यांतले कोणतेही दोन.

भारतातून आलेल्या मुलांचं लसीकरणावर अडतं. गोवराची ९व्या महिन्यातली लस इथे धरत नाहीत. पहिल्या वाढदिवसानंतर दिलेलाच डोस मोजतात. कांजिण्या आणि हिपॅटायटिस ए या लसी आपल्या सरकारी वेळापत्रकात नसल्याने राहून गेलेल्या असतात. लसीकरणाचं कार्ड हाताशी ठेवून एप्रिलमध्येच बालरोगतज्ज्ञांची वेळ घ्या, कारण दोन डोसांमध्ये काही महिन्यांचं अंतर लागू शकतं आणि आरोग्य प्रमाणपत्रावर डॉक्टरांची सही लागते. दातांच्या तपासणीचा फॉर्म वेगळा, तो दंतवैद्याकडून भरून घ्यायचा.