रॉ व्हिडिओला फिल्मचा पोत: आधी निगेटिव्ह, मग प्रिंट

विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर टिपलेलं रॉ, म्हणजे सेन्सरची जवळपास कच्ची माहिती असलेलं फुटेज कॉम्प्युटरवर उघडलं की दोन गोष्टी लगेच खटकतात: भगवे फेटे प्लॅस्टिकसारखे चमकतात आणि दिव्यांच्या माळा कात्रीने कापलेल्या पांढऱ्या ठिपक्यांसारख्या दिसतात. फिल्मवर चित्र दोनदा घडतं, एकदा निगेटिव्हवर आणि नंतर प्रिंटवर. रंगांची घनता आणि उजेडाचा मऊ उतार त्यातूनच येतो. ग्रेडिंगमध्येही, म्हणजे रंग आणि उजेड घडवण्याच्या कामातही, हाच क्रम पाळायचा. पुढची कृती डाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरसाठी आहे.

सुरुवात चित्रीकरणातच होते. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, म्हणून शटर 1/50 ठेवा. सेकंदाला 25 फ्रेम असतील तर शटरचा कोन 180 अंश होतो, 24 फ्रेमला 172.8. हे चुकलं तर दुकानांचे दिवे लुकलुकतात आणि ते नंतर काढणं फार जिकिरीचं असतं. एक्स्पोजर प्रखर भाग सांभाळून ठरवा. सेन्सरवर पूर्ण जळालेला तपशील रॉमधूनही परत येत नाही.

रिझॉल्व्हमध्ये सात नोड, म्हणजे एकामागून एक लागणारे बदलांचे टप्पे, लागतात, पण पहिला आणि शेवटचे दोन आधी बांधा. पहिल्या नोडवर ‘कलर स्पेस ट्रान्सफॉर्म’ लावून कॅमेऱ्याचा रंग डाविंची वाइड गॅमट (रंगांची रुंद कक्षा) आणि इंटरमीजिएट (उजेडाची लॉग मांडणी) मध्ये आणा. सहाव्यावर तोच इफेक्ट पुन्हा लावा: आउटपुट कलर स्पेस रेक. 709 (एचडी पडद्यांचं मानक), गॅमा सिनेऑन फिल्म लॉग (फिल्म स्कॅनसाठीची फिकट, कमी कॉन्ट्रास्टची मांडणी), दोन्ही नोडवर टोन मॅपिंग, म्हणजे उजेड आपोआप दाबून बसवणं, बंद. सातव्यावर ‘फिल्म लुक्स’ फोल्डरमधला कोडॅक 2383 या प्रिंट फिल्मचा लट, म्हणजे रंगांचा तयार तक्ता, लावा. पांढऱ्या रंगाच्या छटेनुसार त्याच्या डी55, डी60 आणि डी65 अशा आवृत्त्या असतात. डी65मध्ये पांढरा रंग तटस्थ राहतो, बाकीच्या दोन उबदार आहेत.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे हा लट थेट कॅमेऱ्याच्या फुटेजवर टाकणं. तो सिनेऑन लॉगसाठी बनवलेला आहे. दुसऱ्या लॉगवर किंवा रेक. 709वर तो टाकला की सावल्या बुजतात आणि चेहरे विटकरी होतात. परिणाम जास्त वाटला म्हणून त्या नोडचा ‘की आउटपुट’ कमी करू नका, कारण त्याने मागचं फिकट लॉग चित्र मिसळतं आणि काळा रंग राखाडी पडतो. कॉन्ट्रास्ट दुसऱ्या नोडवर उतरवा.

आता लट चालू ठेवूनच मधलं काम करा. व्हाइट बॅलन्स कॅमेरा रॉ टॅबमध्ये ठरवा. स्वस्त एलईडीची हिरवट झाक असेल तर टिंट मॅजेंटाकडे सरकवा. एक्स्पोजर आणि कॉन्ट्रास्ट दुसऱ्या नोडवर. चेहऱ्याचा रंग वेक्टरस्कोपच्या (रंगछटा दाखवणाऱ्या आलेखाच्या) त्वचारेषेच्या आसपास असला म्हणजे पुरे, अगदी रेषेवर ओढून बसवायची गरज नाही.

तिसरा नोड घनतेचा, आणि सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो इथेच. डिजिटलमध्ये सॅच्युरेशन वाढवलं की रंग उजळत जातो. फिल्ममध्ये रंगद्रव्य वाढतं तसा प्रकाश अडतो आणि रंग गडद होतो. ते साधायला नोडवर राइट क्लिक करून कलर स्पेस एचएसव्ही (छटा, सॅच्युरेशन, उजळपणा) करा, चॅनेल 1 आणि 3 बंद करा आणि गेन थोडा वाढवा. दुसऱ्या चॅनेलमध्ये फक्त सॅच्युरेशन असतं, त्यामुळे फेट्याचा भगवा उजळण्याऐवजी दाट होतो. गुलालाने माखलेले चेहरे मात्र तपासा. तिथे तपशील सपाट झाला तर गेन मागे घ्या.

चौथ्यावर हॅलेशन. प्रखर प्रकाश फिल्मच्या थरांतून आरपार जाऊन फिल्मच्या पारदर्शक पायावरून परततो आणि तळाशी असलेल्या लाल-संवेदी थराला पुन्हा लागतो, म्हणून दिव्याभोवती तांबूस कडा येते. ती फक्त दिव्यांच्या काठांवर हवी. गोऱ्या कपाळावर दिसू लागली तर मर्यादा वर न्या. पाचव्यावर ग्रेन, म्हणजे फिल्मचे बारीक कण. दोन्ही गोष्टी निगेटिव्हवर घडतात, म्हणूनच त्या लटच्या आधी. हॅलेशन आणि ग्रेनचे तयार इफेक्ट सशुल्क स्टुडिओ आवृत्तीत आहेत. मोफत आवृत्तीत स्कॅन केलेल्या ग्रेनची क्लिप वरच्या ट्रॅकवर ‘ओव्हरले’ करा. तेव्हा ती लटच्या नंतर येते, म्हणून अपारदर्शकता कमीच ठेवा.

ग्रेन नेहमी 100 टक्के आकारात बघा. छोट्या खिडकीत तो दिसत नाही, मग हात सैल सुटतो. डोळ्याला माप हवं असेल तर लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात 35 मिमी प्रिंटचा खेळ लागेल तेव्हा जाऊन बसा, आणि पडद्यावरचा काळा रंग किती काळा आहे ते नीट बघा.