खुब्याच्या बाहेरच्या दुखण्यात सोनोग्राफी कशी करावी

दिवाळीनंतर कापूस वेचणीला जोर आला की चोपडा-अमळनेरकडच्या चाळिशी-पन्नाशीतल्या बाया ओपीडीत येतात. तक्रार एकच: "डॉक्टर, रातले या कुशीवर झोपताच येस नही." अनेकींच्या फायलीत आधीच 'सायटिका' (कमरेतली नस दबून पायात जाणारी कळ) लिहिलेलं असतं. म्हणून आधी हात लावा, प्रोब (सोनोग्राफी मशीनचा अंगावर फिरवायचा भाग) नंतर.

दुखतं कुठे ते एका बोटाने दाखवायला सांगा. बोट जांघेत गेलं तर सांध्याचा विचार करा, एक्स-रे काढा. बोट बाहेरच्या हाडावर, म्हणजे ग्रेटर ट्रोकँटरवर टेकलं, तर त्याच पायावर ३० सेकंद उभं करा, तोल जाऊ नये म्हणून भिंतीला बोट टेकवू द्या. तिथेच कळ उठली की माझा संशय ग्लुटियल टेंडनवर, म्हणजे कुल्ल्याचे स्नायू या हाडाला बांधणाऱ्या दोरीवर जातो.

सोनोग्राफी मशीन फक्त हाडा-स्नायूंसाठी घेतलं असलं तरी गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली नोंदणी लागतेच.

दुखरी बाजू वर करून कुशीवर झोपवा, गुडघे थोडे वाकवा, मध्ये उशी द्या. लुगडं सैल करावं लागतं, त्यामुळे पडदा आणि सिस्टर दोन्ही हवेत. बाई संकोचून अंग आवळून पडली तर तपासणी नीट होत नाही. प्रोब लिनिअर (सपाट तोंडाचा) घ्या. अंगाने भारी पेशंटमध्ये खोलवर दिसत नसेल तर कर्व्हिलिनिअर (गोलसर तोंडाचा).

टेंडन शोधत फिरू नका, आधी हाड पकडा. प्रोब ट्रोकँटरवर आडवा ठेवला की हाडाची पांढरी रेघ कौलारू घराच्या आढ्यासारखी टोकदार दिसते. या हाडाच्या प्रत्येक उताराला फॅसेट म्हणतात. टोकाच्या पुढचा उतार म्हणजे अँटीरिअर फॅसेट, तिथे ग्लुटियस मिनिमस हा कुल्ल्याचा स्नायू चिकटतो. मागचा उतार लॅटरल फॅसेट, तो ग्लुटियस मिडियसचा. मिडियसचा दुसरा, जाड भाग वर-मागे सुपिरोपोस्टेरिअर फॅसेटवर जातो; तो बघायचा राहून जातो, मुद्दाम बघा. पोस्टेरिअर फॅसेटवर टेंडन चिकटत नाही. तिथे ग्लुटियस मॅक्सिमसखाली बर्सा, म्हणजे घर्षण कमी करणारी पातळ पिशवी असते. प्रोब दाबला तर बर्सातलं थोडंसं पाणी सरकून जातं आणि दिसतच नाही, म्हणून जेल भरपूर आणि हात हलका.

प्रत्येक टेंडन आडवा आणि उभा, दोन्ही बघा. काळा डाग दिसला की लगेच 'फाटलं' म्हणू नका. लहरी तिरक्या पडल्या की निरोगी टेंडनही काळा दिसतो, त्याला अॅनिसोट्रॉपी म्हणतात. प्रोब किंचित कलवा. डाग गेला तर टेंडन ठीक. राहिला, टेंडन जाड झालं, तंतूंच्या रेघा पुसट झाल्या तर टेंडिनोपथी, म्हणजे टेंडनची झीज; तंतू तुटून मध्ये पोकळ काळी फट दिसली तर फाटलेलं. कॅल्शियमचे पांढरे ठिपके, हाडाचा खडबडीतपणाही टिपा. दुसऱ्या बाजूचा खुबा बघितल्याशिवाय उठू नका. न दुखणाऱ्या खुब्यातही असे बदल सापडतात, म्हणून प्रोबखालीच हलकं दाबून विचारा: इथेच का?

"खुब्यात काहीतरी सरकतं" अशी तक्रार असेल तर प्रोब आडवा ठेवून पाय मागून पुढे हलवायला लावा. आयटी बँड, म्हणजे मांडीच्या बाहेरच्या बाजूचा पट्टा, हाडावरून उडी मारताना दिसतो.

रिपोर्टमध्ये नुसतं 'बर्सायटिस' (बर्साची सूज) लिहू नका. कोणतं टेंडन, कोणता फॅसेट, फाटलंय का, एवढं लिहा. सुजलेला बर्सा एकटा क्वचितच सापडतो, आणि त्या एका शब्दावर स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं जातं. २०१८ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत ८ आठवड्यांनी व्यायाम आणि समजावणं इंजेक्शनपेक्षा सरस ठरलं. मी बायांना सांगतो: वेचलेल्या कापसाची ओटी भरली की लगेच रिकामी करा, एका पायावर भार देऊन उभ्या राहू नका, पायावर पाय टाकून बसू नका आणि रात्री गुडघ्यांत उशी घेऊन बऱ्या कुशीवर झोपा.